‘म्हणे’चा शिक्का

मी वाचायला शिकले ती वडिलांच्या पत्रकांवर. वडील साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते. पाळी सुटली की ते पत्रकं काढत, कधी अंगाऱ्याविरुद्ध, कधी हुंड्याविरुद्ध, कधी कंत्राटी कामाविरुद्ध. आम्ही सगळे जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो आणि घड्या घालता घालता मी अक्षरं जुळवायचे. त्यामुळे पूर्णविरामाच्या आधी माझी ओळख उद्गारचिन्हाशी झाली.

मोठी झाल्यावर मीही पत्रक काढू लागले. विषय एकच, सामान्य माणसाला वाचता येतील अशी विज्ञानाची पुस्तकं. दर महिन्याला एक पुस्तक निवडायचं, कागदाच्या दोन्ही बाजूंना त्याबद्दल लिहायचं आणि स्टँडवर, कॉलेजच्या गेटवर वाटायचं. एक गठ्ठा कवठे महांकाळला मामाकडे जायचा. मामा फौजेतून हवालदार होऊन घरी आलेला. गावाबाहेर थोडी जमीन आणि हौसेनं घेतलेली अठरा मेंढरं. रोज सकाळी तो मेंढरं मोजायचा आणि शेजारच्या अक्काला ‘सब हाजिर’ म्हणून रिपोर्ट द्यायचा. अक्काचा जन्म मेंढरांमागे गेलेला. ती म्हणायची, “आवं हवालदार, मेंढरं हायती ती, पलटण न्हाई.”

गेल्या ऑगस्टात मी प्राण्यांच्या जाणिवांवरचं एक पुस्तक निवडलं. पुस्तक सुरेख होतं, दोन बैठकांत संपवलं. मग पत्रकात ठोकून दिलं: ‘कोणती वनस्पती विषारी, हे जनावराला उपजत कळतं! त्याच्या शहाणपणावर विश्वास ठेवायला माणसानं शिकलं पाहिजे!’

मामासाठी छापील कागद म्हणजे वरून आलेला हुकूम. त्या महिन्यात पावसानं ओढ दिली होती आणि मामाचं कडवळ, म्हणजे हिरव्या चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी, वीतभर वाढून खुरटलं होतं. असली कोवळी, खुरटलेली ज्वारी जनावराला बाधते, जीवही घेते. त्याला किराळ लागणं म्हणतात. अक्कानं मामाला दोनदा बजावलं होतं. पण माझं पत्रक पोचलं आणि मामानं काट्याचं कुंपण बाजूला सारून मेंढरं आत सोडली.

अक्का ओरडत आली आणि तिनं काठीनं मेंढरं बाहेर काढली. जनावरांचे डॉक्टर आले, शिरेतून इंजेक्शनं दिली. सतरा वाचली. एक गाभण मेंढी गेली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पोचले. मामा मला दोष देईल याची तयारी करून गेले होते. तो म्हणाला, “तुझी काय चूक न्हाई पोरी. मेंढरंच मठ्ठ निघाली. पुस्तकात कळतं म्हणलंय आन् ह्यास्नी कळंना, त्याला पुस्तक काय करंल? आता उरलेल्यास्नी ट्रेनिंग देतो. रोज थोडं थोडं चारतो, मग बराबर कळंल.”

मी हादरले. दारात मेंढी मरून पडली, तरी या माणसाचा कागदावरचा विश्वास हलला नव्हता. वडील आयुष्यभर ज्या अंगाऱ्याशी भांडले, तोच मी पुडीत बांधून मामाच्या हातात दिला होता. आणि सतरा मेंढरं अजून कुंपणाच्या अलीकडे उभी होती.

“काय लिवलंयस ते वाच बघू,” अक्का म्हणाली. तिला वाचता येत नाही. मी पत्रक उघडलं.

“जनावराला उपजत कळतं…”

“म्हनं,” अक्का म्हणाली.

“निसर्गानं त्याला ही शक्ती दिली आहे…”

“म्हनं.”

तिसऱ्या ‘म्हनं’ला मी भडकले. “अक्का, चेष्टा करू नका.”

“चेष्टा कसली गं? तू बघितलंस व्हय? न्हाई ना? मग आपुन न बघितलेलं सांगताना म्हनं म्हनावं लागतं. तू लिवायला इसरलीस, म्हनून मी म्हनतीया.”

मी पिशवीतून पुस्तक काढलं. शेवटी बारीक टायपात टिपा होत्या. त्या मी वाचल्याच नव्हत्या, कोण वाचतं? तिथं लेखकानं स्वच्छ लिहिलं होतं, की काही जनावरांत, काही परिस्थितीत असं असावं असं दिसतं, पण नक्की ठाऊक नाही. त्याचं ‘दिसतं’ मी खाल्लं होतं आणि त्या जागी उद्गारचिन्ह ठेवलं होतं. मी ते वाक्य मामाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

“म्हंजे लिवणाऱ्यालाच पक्कं म्हाईत न्हाई?”

“नाही.”

“आन् तुला?”

“मलाही नाही.”

“मग हुकूम कुणी दिला?”

“मी,” मी म्हणाले.

मामा उठला आणि कुंपणाचे काटे परत जागेवर ओढू लागला.

पण मी हार मानायला गेले नव्हते. अक्काला विचारलं, “पृथ्वी गोल आहे हेही मी बघितलेलं नाही. तिथंही म्हनं?”

“कसं कळलं ते सांग. पटलं तर म्हनं काढीन की.”

मी अंगणात बसून ग्रहणातल्या सावलीपासून सुरुवात केली. अक्कानं मध्ये मध्ये अडवलं, शेंगदाण्याच्या टोपलीची सावलीही गोलच पडते म्हणाली. मी टोपली उभी धरून दाखवली, सावली चपटी झाली. चेंडू कसाही धरला तरी सावली गोलच. “बरं, काढलं,” ती म्हणाली. मग तिच्या कोकराच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याकडे माझं लक्ष गेलं.

“हा कशाला?”

“नजर लागत न्हाई.”

“म्हणे,” मी म्हणाले.

अक्का आधी डोळे वटारून बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसली. “लय तिखट हाय गं ही हवालदाराची भाची!” दोरा तिनं काढला नाही.

साताऱ्यात कचेऱ्यांसमोर रबरी शिक्के करणारे बसतात. मी एकाकडे गेले. त्यानं विचारलं, “कुठलं खातं?” मी म्हणाले, “खातं नाही, नुसतं ‘म्हणे’ पाहिजे.” त्यानं दोनदा विचारून खात्री केली.

पुढच्या महिन्यात मी त्याच पुस्तकाची पुन्हा शिफारस केली. पुस्तक चांगलंच आहे, लेखक प्रामाणिक आहे, अप्रामाणिक मी होते, हे पहिल्याच ओळीत छापलं. विज्ञानाची पुस्तकं वाचा, भरपूर वाचा, पण आधी शेवटच्या टिपा वाचा, असं लिहिलं. कसं कळलं हे जिथं सांगितलेलं नव्हतं, तिथं प्रत्येक कागदावर हातानं शिक्का मारला. वडिलांनी न विचारता शाईचा पॅड पुढे सरकवला. इतकी वर्षं मला चळवळ म्हणजे ठाम बोलणं वाटायचं. अजूनही ठामच बोलते, फक्त जिथं पाय टेकतात तिथंच.

गठ्ठा पोचल्यावर मामाचा फोन आला. मागे मेंढरं ओरडत होती.

“सतरा हाजिर,” तो म्हणाला. “अक्काला सगळं वाचून दाखवलं. मागच्या बाजूला, तिसरी ओळ. ‘वाचणारा माणूस फसत नाही’ म्हणून लिवलंयस.”

“हो. मग?”

“तिथं शिक्का न्हाई पोरी.”