कोरियाचं पाकीट

“पैशाला तोंड नसतं, पण देश असतो,” असं म्हातारा मनबीर एकदा माझ्या काउंटरवर म्हणाला होता. नेपाळातल्या वालिङ बाजारात माझं दुकान, परदेशी गेलेल्या पोरांनी पाठवलेले पैसे घरच्यांच्या हाती देण्याचं. मनबीरचा थोरला मुलगा खिम मलेशियात हातमोज्यांच्या कारखान्यात, धाकटा दिल कोरियात. म्हातारा दोन्ही मुलांना त्यांच्या देशांनीच ओळखायचा. “मलेशियाला ताप आलाय. कोरिया दसऱ्याला येत नाही म्हणे.”

पहिली काही वर्षं तो स्वतः यायचा. तेव्हा मलेशियाचे पंचवीस हजार यायचे, कोरियाचे नव्वद. चहाच्या टपरीवर लोक त्याला कोरियावाल्याचा बाप म्हणायचे आणि बसायला जागा द्यायचे. मग गुडघे गेले. पैसे न्यायला थोरली सून पुनिसरा येऊ लागली. घरी ती दोन पाकिटं त्याच्यापुढे ठेवायची.

दोन वर्षांत पाकिटं हडकली. कोरिया तिसावर आला, मलेशिया दहावर. कोरियाला म्हाताऱ्यानं माफ केलं. तिकडे मंदी असेल. पण मलेशिया? शेजारच्या पोरांचा मलेशिया तर वाढत होता. त्याची नजर सुनेवर गेली. तिच्या नव्या चपलांवर, बाजारातून परतायला लागणाऱ्या वेळावर, फोनवर बोलताना अंगणाच्या टोकाला जाण्यावर. धान्याच्या कणगीतही त्यानं हात घालून पाहिला म्हणतात.

दसऱ्याला घरातली थोरली माणसं कपाळी टिका लावतात, त्याला दोन दिवस उरले असताना त्यानं टपरीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “यंदा थोरलीच्या कपाळाला माझा हात लागायचा नाही.” घरच्या वडीलधाऱ्यानं सुनेला टिका नाकारला की आमच्याकडे तिनं माहेरची वाट धरायची असते. दुसरं काही बोलावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत तो दुकानात आला. मागे पुनिसरा.

“भाच्या, हिच्या दोन वर्षांच्या पावत्या काढ.”

“मामा, त्या वहिनीच्या नावावर आहेत. तिनं हो म्हटलं तर.”

“म्हणेल. चोराला नाही म्हणता येत नाही.”

“काढा,” पुनिसरा म्हणाली. तिचा आवाज इतका सरळ होता की मलाही संशय आला.

मी कागद लावले. मलेशिया, चाळीस हजार. पुन्हा मलेशिया, चाळीस. म्हातारा बोट फिरवत राहिला.

“कोरिया कुठंय?”

“नाही, मामा.”

“नीट बघ. खालच्या कप्प्यात असेल.”

“दोन वर्षांत एकही नाही.”

तो सुनेकडे वळला. “मग ते तीस हजार कुणाचे?”

“तुमच्या थोरल्याचे. धाकटे भाऊजी कारखान्यातून पळाले, बाबा. लपून काम करतात. मिळतं ते आसरा देणाऱ्यालाच जातं. हे म्हणाले, टपरीवर बाबांची मान खाली जायला नको. तीस कोरियाच्या पाकिटात घाल, दहा माझ्या.”

“आणि दर शनिवारी फोनवर तो म्हणतो, पैसे वहिनीकडे पाठवलेत?”

“तेही ह्यांनीच शिकवलं.”

“तिघं मिळून!” म्हातारा हसला, ते हसू बघवेना. मग माझ्याकडे पाहिलं. “तू चौथा.”

मी कागदांच्या कडा जुळवत राहिलो. दोन वर्षं हा माणूस धाकट्याच्या नावावर टपरीवर मिरवला, आणि ज्याच्या बायकोला चोर म्हणाला तो थोरलाच त्याला पोसत होता. त्यानं सगळ्यात वरची पावती उचलली. खिमचं नाव त्याला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं. बराच वेळ त्यानं त्या अक्षरांवरून अंगठा हलवला नाही.

पुनिसरानं विचारलं, “बाबा, उद्या टिक्याला घरी थांबू, की माहेरी जाऊ?”

त्यानं पावती घडी करून खिशात घातली. काठी घेतली. उंबरठा ओलांडून पायरीवर थांबला. मागे पुनिसराच्या चपला वाजल्या, तेव्हाच त्यानं घराच्या वाटेवर पुढचं पाऊल टाकलं.