लाल बटण आणि घराची मागची बाजू

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मी आणि माझ्या मैत्रिणीनं प्रोजेक्टसाठी खेळण्यातली जीप घेतली. लहान मुलं आत बसून पायानं पेडल दाबतात आणि जीप बॅटरीवर चालते, तसली. आमची मात्र आमच्याच शहरातल्या हरिशंकरपुरम वस्तीतल्या एका पाच वर्षांच्या मुलीसाठी होती. तिचे पाय तिचं वजन पेलत नव्हते, बोटांची पकडही ढिली होती. तिच्या आईची आणि माझ्या आईची हळदीकुंकवातली ओळख.

हजीऱ्याच्या बाजारातून जुनी जीप आणली. पेडलची वायर काढून स्टिअरिंगच्या मधोमध बशीएवढं लाल बटण बसवलं. नुसता तळहात टेकला तरी गाडी निघेल, असं. वळवायला मनगटं अडकतील अशा दोन मऊ कड्या लावल्या, पाठीला टेकू दिला, छातीला पट्टा. गाडी थांबवायचा रिमोट काकूंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, हातात.

"पहिल्यांदा कुठे जाईल?" मुलीला तिच्या अंगणात जीपमध्ये बसवताना मैत्रिणीनं मला विचारलं.

"आईकडे," मी म्हटलं. मैत्रीण हिंदी बोलणारी, ती म्हणाली, "नहीं, गेट की तरफ."

मुलीनं हात टेकला. जीप हातभर पुढे गेली आणि थांबली. पुन्हा हात, पुन्हा तेच. मी वायरी तपासायला वाकले, तर मुलगी आईकडे रागानं बघत होती.

"आई, तू मत रोको ना!"

काकू ओशाळल्या. "अगं, आपोआप बोट जातं. आजवर मीच तिला उचलून नेलंय. ती माझ्यापासून लांब गेलेली मी कधी पाहिलीच नाही."

"काकू, भिंतीला धडकली तरी लागणार नाही, इतकी सावकाश आहे. बघू या तरी कुठे जाते ते."

त्यांनी रिमोट माझ्याकडे दिला आणि पदर घट्ट धरून उभ्या राहिल्या.

जीप आईकडे वळली नाही, गेटकडेही नाही. घराच्या कडेच्या चिंचोळ्या बोळात शिरली. आम्ही तिघी मागोमाग. बोळ संपल्यावर तिनं मोठ्या कष्टानं मनगट ओढून गाडी वळवली आणि खिडकीखाली थांबवली. खिडकीत कूलर घरघरत होता. बाजूच्या जाळीतलं गवत भिजून काळं पडलं होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"हाच बोलतो?" तिनं विचारलं.

काकूंना आधी कळलंच नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "तिचा पलंग ह्याच खिडकीपाशी आहे. उन्हाळाभर आतून हा आवाज ऐकते."

मुलीनं हात लांब करून ओल्या गवताला लावला, मग गालाला. कूलरला मागची बाजू असते, एवढंच तिला बघायचं होतं बहुधा. आम्ही अंदाज बांधत होतो त्यात हे कुठेच नव्हतं.

"आता मागे," ती म्हणाली.

मैत्रिणीनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. रिव्हर्स आम्ही मुद्दामच बंद केला होता, धोका नको म्हणून. जीप उचलून फिरवावी लागली आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दुसरं, निळं बटण बसवून गेलो. ती आधी पुन्हा कूलरपाशी गेली आणि निळं बटण कशाचं हे सांगायच्या आतच तिनं त्यावर हात ठेवला. जीप मागे सरकू लागली तशी ती खदखदून हसली आणि बोळातून अंगणात आली. मग गाडी वळवून शेजारच्यांच्या घरामागे निघाली. काकू मागून चालत होत्या, थोडं अंतर ठेवून.

"तिकडे काय आहे हो?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक," काकू म्हणाल्या. "मीही कधी गेले नाही."