ज्याला येत नाही, त्याच्या हाती खडू

आमचे गणिताचे सर हातात खडू धरत नसत. कुणाला वाटेल, काय ही आगळी पद्धत! मला मात्र तेव्हा तिचं काडीचं कौतुक नव्हतं, कारण तो खडू वर्षभर माझ्याच हातात असायचा.

बाबांची खडकीच्या कारखान्यातून मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात बदली झाली आणि आम्ही मद्रासला आलो, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. शाळा क्वार्टर्सपासून जवळच होती. तिथे शिकवणं इंग्रजीत, बडबड तमिळमध्ये, आणि मी दोन्हीकडून कोरडी. सरांचा नियम असा की उदाहरण ज्याला येत नाही त्याने फळ्यापाशी जाऊन खडू घ्यायचा. ज्यांना येतं त्यांनी बाकावरून सांगायचं. खडूवाल्याने सांगतील तेवढंच लिहायचं, आणि पटलं नाही की हात थांबवायचा. सर स्वतः पांढरं धोतर सावरत मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी समद्विभुज त्रिकोणातले दोन कोन सारखे आहेत हे सिद्ध करायला सांगितलं. मी आपला कंपासपेटीतून कोनमापक काढला, कोन मोजले आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "सर, दोन्ही सत्तर!" वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "याहून मोठा त्रिकोण काढला तर?" मी म्हटलं, "तोही मोजेन." "त्याहून मोठा? जगातले सगळे त्रिकोण मोजत बसणार?" मी कोनमापक पेटीत ठेवला. त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं, आणि तेव्हापासून माझी वर्णी लागली ती लागलीच.

दर थोड्या वेळाने सर तमिळमध्ये विचारायचे, "पुरिंजुदा?" म्हणजे समजलं का? सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "पुरिंजुदु, सार!" मी तमिळमधला पहिला शब्द शिकले तो "पुरियलै". नाही समजलं. दिवसातून कितीदा तरी म्हणायचे. हसोत बापडे! जे समजलं नाही ते समजलं म्हणायचं, हे माझ्याच्याने होत नसे.

आणि फळ्यापाशी उभी राहून मी स्वतःशी पुटपुटायचे. "आता ही रेघ कुठून आली बाई?" "हे त्याच्याएवढं कसं काय?" कधी राग अनावर झाला की, "या म्हाताऱ्याला दुसरं कुणी दिसत नाही का!" मद्रासमध्ये मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर माझं तोंड सुटलेलं असे. एक गोष्ट मात्र मला चक्रावून टाकायची. मी जिथे अडले असेन, नेमका तिथेच सरांचा प्रश्न मागच्या भिंतीकडून यायचा. मला नव्हे हं, वर्गाला. "ती रेघ का काढली, हे तिला कोण सांगेल?" हा माणूस मनातलं ओळखतो की काय, अशी मला भीतीच वाटायची.

वर्ष संपत आलं तसं घरात भांडण पेटलं. पुढच्या वर्षासाठी दोन गणितं होती, सोपं जनरल आणि अवघड कॉम्पोझिट. कॉम्पोझिट घेतलं तरच कॉलेजात सायन्सला जाता येणार होतं. मला सायन्सलाच जायचं होतं. खडकीला शेजारची ताई कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ॲसिडने भोकं पडलेला पदर मिरवत घरी यायची, तेव्हापासून तो पदर माझ्या डोक्यात बसला होता. पण माझे गणिताचे मार्क काठावरचे. बाबा म्हणाले, "जनरल घे आणि सुखाने पास हो." मी दोन्ही वेळच्या जेवणाला ताटावरून उठले. शेवटी आई मध्ये पडली आणि ठरलं, की सर सांगतील ते मुकाट्याने ऐकायचं. दोघांनीही.

बाबा कामावरून परस्पर शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीत सर एकटेच होते. बाबांनी अडखळत इंग्रजीत सुरुवात केली, तर सर म्हणाले, "बसा. मराठींतच बोला की."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. सर तंजावरकडचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी! शब्द जुने, हेल पार तमिळ, पण मराठी ती मराठीच. वर्षभराची माझी सगळी मुक्ताफळं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. म्हाताऱ्यासकट.

"मग माझ्याशी का नाही कधी बोललात मराठीत?" राहवेना म्हणून मी विचारलंच.

"बोललों असतों तर तूं मलाच पुसत बसली असतीस. वर्गास कोण पुसणार?"

बाबांनी मला दटावलं आणि मुद्द्याचं विचारलं. "ही नापास होईल का?"

"होईलही. लटिकें कशास बोलूं?"

बाबा उठलेच. संपलं, असं मला वाटलं.

"पण ऐका," सर म्हणाले. "मी पुसलें की अवघीं पोरें समजलें म्हणतात. ही एकटी नाही म्हणते. वर कुठे अडलें तें पुटपुटते. त्यावरून मज कळतें, बाकीचीं पोरें कुठे अडलीं असतील. हिला जनरलमध्यें घातलेंत, तर कॉम्पोझिटच्या वर्गांत मी आंधळा."

बाबा पुन्हा खुर्चीत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घे कॉम्पोझिट. नापास झालीस तर माझ्यापुढे रडायचं नाही." घरी जाताना मी बाबांच्या सायकलच्या मागे रडतच चालले होते, आनंदाने, आणि संतापानेही. अहो, मुलगी हुशार आहे असं एकदा तरी म्हणायचं की नाही त्या माणसाने!

पुढे मी पास झाले, तेही काठावरच. पण मला आठवतो तो कॉम्पोझिटचा पहिला दिवस. माझ्या शेजारी खेड्यातून आलेली एक नवी मुलगी बसली होती. त्या दिवशी वर्तुळाचं प्रमेय चाललं होतं, आणि काय सांगू, मला ते पहिल्या फटक्यात समजलं! आयुष्यात प्रथमच. सरांनी विचारलं, "पुरिंजुदा?" सगळे ओरडले, "पुरिंजुदु, सार!" मीही तोंड उघडलं होतं. तेवढ्यात शेजारी पाहिलं. तिचे ओठ हलले होते, आवाज नव्हता, आणि डोळे भरले होते.

मी उभी राहिले. "पुरियलै, सार," म्हटलं, आणि खडू घ्यायला गेले.