वाघाची तयार बातमी

चंद्रपुरात आमचं सांजदैनिक चहाच्या टपऱ्यांवर खपायचं. चार पानं, लालभडक मथळे, आत खून, लफडी अन् कोळशाची चोरी. खाणीतून सुटलेला माणूस आधी पेपर मागायचा, मग चहा. मी तेथी कॉम्प्युटरवर पेपराची पानं लावायचो. खोटं काऊन बोलू, मले त्याचा भारी अभिमान होता.

वाघाची बातमी मात्र आमच्याकडे तयारच असायची, कॉम्प्युटरात लिहून ठेवलेली: 'सरपणासाठी जंगलात गेलेली महिला वाघाच्या हल्ल्यात ठार.' फोन आला की संपादक नाव अन् गाव बदलायचे, झालं काम! बाई खरंच कुठी होती, हे विचाराले फुरसत कोणाले?

मग माझ्या मामीलेच वाघानं मारलं. ब्रह्मपुरीकडे, स्वतःच्या वावरात, धान कापता कापता. मी मामाच्या घरी रडत बसलो होतो, अन् इकडे तीच बातमी छापून आली, मामीचं नाव टाकून.

दुसऱ्या दिवशी वनखात्याचा माणूस चौकशीले आला तो पेपर हातात घेऊनच. "बंदी असताना जंगलात काऊन गेली? पेपरात आलं आहे." वावराच्या धुऱ्यावर रक्त वाळलं होतं, बाजूले धानाची अर्धी पेंडी पडली होती. त्यानं तिकडे पाहिलंही नाई. सरकारी मदतीची फाईल अडली. गावातलेही कुजबुजू लागले, गेली असंल काड्या चोराले.

मामा मले म्हणाला, "बापू, तू तेथीच कामाले हायेस न? एवढं छापून आण. माही बायको वावरातच होती. चोरी नाई करून राह्यली होती."

मी संपादकांशी कडाकडा भांडलो. "घेऊ ना खुलासा," म्हणाले. उद्या, परवा. रोज त्या जागेवर कोण्या ना कोण्या नेत्याच्या वाढदिवसाचा फोटो! मामाले वाचता येत नाई. रोज एसटीनं पेपर आला की तो टपरीवाल्याले विचारायचा, "आलं का जी?"

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा संपादक म्हणाले, "अरे, पुण्यस्मरणाची जाहिरात दे. त्यात लिही काय लिहायचं ते." आग लागो त्या तोंडाले! पण मामासाठी दिली. मामीचा फोटो, खाली ठळक अक्षरात: स्वतःच्या वावरात धान कापताना.

मामा ते पान घेऊन वनखात्यात गेला. त्या माणसानं वाचून परत दिलं. "भाऊ, हे तर तुम्ही छापलं. पेपरानं वेगळंच छापलं होतं."

मामानं मले फोन केला.

"बापू, पेपर तर एकच आहे न रे?"