लाल फडकं
नगर रस्त्यावर ट्रॉलीबाहेर आलेल्या सळयांना लाल फडकं बांधलेलं दिसलं, की वारज्याची ती सकाळ आठवते. आई गेल्यावर मी वारज्याचं घर सोडून खराडीत कंपनीजवळ खोली घेतली आणि सामानासाठी ट्रॅक्टर-ट्रॉली बोलावली. आईचा पलंग मागे हातभर बाहेर आला. "लाल फडकं बांधल्याबिगर हलायचं न्हाय," ड्रायव्हर म्हणाला. घरात लाल म्हणून आईच्या पेटीतला चोळीचा खणच सापडला. मी पलंगाशेजारी बसायला चढलो, तर तो म्हणाला, "ट्रॉलीत माणूस न्यायचा नसतो, साहेब. स्कूटरवर या मागनं." डिझेलच्या धुरात मी गावभर त्या खणामागून गेलो. सामान उतरल्यावर त्यानं खण सोडला, त्यालाच ग्रीसचे हात पुसले आणि तो सीटखाली कोंबला. मला मागता आला नाही. आजही असं फडकं पुढे असलं की मी ओव्हरटेक करत नाही. मागचे हॉर्न वाजवत राहतात.