लसीच्या कार्डावरचा कोळसुंदा

ती घटना आठवली की आधी वास येतो. ओल्या सुंभाचा, कुत्र्याच्या अंगाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा. मग हळूहळू माणसं दिसू लागतात. निवृत्त झाल्यापासून दुपारी आरामखुर्चीत पडलो आणि डोळा लागायच्या बेतात आला की खुनाच्या, दरोड्याच्या केसेस येत नाहीत, ही येते. खरं तर हिला केस म्हणावं असंही काही नाही. गुन्हासुद्धा दाखल झाला नाही.

नोकरीची शेवटची दोन वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यात, वेळणेश्वर आणि हेदवीच्या पट्ट्यातल्या एका लहानशा ठाण्याचा प्रभारी होतो. मी घाटावरचा माणूस. आयुष्यभर आरडाओरडा, मोर्चे आणि बंदोबस्त पाहिलेला. इकडे आलो तेव्हा आपण झोपेत चालत कुठेतरी पोहोचलो आहोत असंच वाटायचं. थंडीच्या सुरुवातीला खाडीवरून धुकं चढायचं आणि सकाळच्या हजेरीला ठाण्याचं फाटकही धड दिसायचं नाही. हवालदार धुक्यातून यायचे, सलाम करायचे आणि परत धुक्यात जायचे. हजेरीपटावर सह्या होत्या म्हणून ते खरोखर आले होते असं मी धरून चालायचो.

अशाच एका सकाळी टपालात निनावी अर्ज आला. अक्षर सुबक, शुद्धलेखनाची एक चूक नाही, आणि सही नसली तरी खाली 'आपला विश्वासू' मात्र होतं. निनावी माणूस विश्वासू कसा, असं मी ठाणे अंमलदाराला विचारलं. तो रजिस्टरात आवक नोंद करता करता म्हणाला, "सायेब, लिवायची पद्धत हाय ती."

अर्जात म्हटलं होतं की अमुक वाडीतल्या एका बागाईतदाराने रानकुत्र्यापासून झालेलं जनावर घरात पाळलं आहे आणि कायद्याने ते चालत नाही. सोबत गावात झालेल्या रेबीजच्या लसीकरण शिबिरातल्या कार्डाची झेरॉक्स होती. जनावराचं नाव तांबू. वय दोन वर्षं. आणि 'जात' या रकान्यात, सरकारी शिक्क्याच्या अगदी वर, लिहिलं होतं 'कोळसुंदा संकर'.

कोकणात रानकुत्र्याला कोळसुंदा म्हणतात. हल्ली फार दिसत नाही, पण त्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. कायद्याच्या यादीत त्याला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. मी वनखात्याच्या बाईंना फोन लावला. त्या परिक्षेत्र अधिकारी, वयाने तरुण, बोलायला सडेतोड. त्या म्हणाल्या, "कोळसुंदा आणि कुत्रा यांची पैदास होत नाही, साहेब. पण इथे लोक कोल्ह्यालाही कोळसुंदा म्हणतात, आणि कोल्ह्याचा संकर होऊ शकतो. रानातलं पिल्लू उचललं असेल तर कायद्यात ती शिकारच धरतात. मालकानेच शिक्क्याच्या कागदावर लिहून दिलंय, मग मी डोळेझाक कशी करू?"

"काय करावं लागेल?"

"रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत. उत्तर यायला काही महिने. तोवर जनावर घाटावरच्या बचाव केंद्रात. पिल्लू कुठून आलं याचा पक्का पुरावा मिळाला तर गोष्ट वेगळी."

दुपारी दोन पंच आणि हवालदार घेऊन मी त्या वाडीत गेलो. जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून खाली घर, घराभोवती कलमांची बाग. मालक साठीचे. त्यांना मी इथे आबा म्हणतो. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, चेहऱ्यावर पोलीस पाहून आलेली भीती आणि भीती दिसू नये म्हणून आणलेला ताठा. त्यांच्या शेजारी पडवीत त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. उजेड आणि सावली एवढंच कळायचं. त्यांच्या हातात सुंभाची दोरी होती आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला तो तांबू बसला होता.

जनावर खरंच वेगळं दिसत होतं. तांबूस, अरुंद तोंडाचं, पिवळ्या डोळ्यांचं. ते माझ्याकडे इतकं शांतपणे बघत होतं की मला क्षणभर मीच चौकशीला बसलोय असं वाटलं. बरोबर आणलेले जनावरांचे डॉक्टर त्याच्या तोंडात डोकावून म्हणाले, "कुत्राच वाटतो." मी म्हटलं, तसं लिहून द्या. ते म्हणाले, "लिहून नाही देणार." डॉक्टर लोकांचा हा स्वभाव मला नोकरीभर पिडत आला आहे.

हवालदाराने दोरीला हात घातला तर तांबू जागचा हलेना. शेवटी बाई उठल्या. त्यांनी दोरी धरली आणि म्हणाल्या, "चल बाबा." तसा तो उठला आणि पाखाडीच्या एकेका पायरीशी थांबत, त्यांचं पाऊल पडलं की पुढची पायरी चढत, आमच्या जीपपर्यंत आला. त्याच्याबरोबर बाईही जीपमध्ये बसल्या. रोज सकाळी तो त्यांना असाच देवळात नेऊन आणायचा. मुलगे मुंबईला, आबा बागेत. बाईंना त्या पाखाडीवर त्याच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. हे मी पंचनाम्यात लिहिलं नाही. लिहायला रकाना नव्हता.

ठाण्यात आबांना समोर बसवून विचारपूस सुरू केली. मी खूप माणसं बोलती केली आहेत. चोर अडून बसतो, मारेकरी अडून बसतो, पण स्वतःला तुरुंगात घालणाऱ्या वाक्यावर अडून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"आबा, पिल्लू कुठून आणलंत?"

"सड्यावरनं, वरच्या माळावरनं. कोळसुंद्याचं हाय."

"कोळसुंद्याचं म्हणालात तर तुमच्यावर गुन्हा होतो, कळतंय का?"

"कळतंय."

"मग गावठी कुत्रा आहे म्हणा ना! कार्डावर चुकून लिहिलं म्हणा."

"नाय म्हणता येत, सायेब." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "देवासमोर गाऱ्हाणं झालंय."

मी हवालदाराकडे बघितलं. तो इथलाच. त्याने समजावून सांगितलं. गावात काही बरंवाईट झालं की गुरव ग्रामदेवतेसमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने देवाला ते सांगतो, आणि जमलेला गाव 'होय महाराजा' म्हणून त्याला दुजोरा देतो. दोन वर्षांपूर्वी गुरवाने सांगितलं होतं की सड्यावरचा कोळसुंदा आबांच्या दारी राखणीला आला, त्याला सांभाळून घे. सगळा गाव होय म्हणाला होता. आता आबा नाही म्हणाले, तर गुरव, गाव आणि देव असे तिघेही खोटे पडत होते. माझ्या हातात भारतीय न्याय संहिता होती, तिचा इथे काही उपयोग नव्हता.

मला राग आला. टेबलावर हात आपटून मी बाहेर आलो.

दिवेलागणीची वेळ होती. समुद्रावर पातळ धुकं, त्यात बुडालेला सूर्य आणि ठाण्याच्या ओट्यावर दोरी धरून बसलेल्या त्या बाई. सगळं इतकं मंद झालं होतं की वायरलेसचा आवाजही लांबून आल्यासारखा वाटत होता. तेवढ्यात वर सड्यावरून कोल्हेकुई सुरू झाली. एक, मग दुसरा, मग सगळे. तांबूने कान टवकारले, मान वर केली आणि त्याच सुरात साद दिली. लांब, कापरी, न संपणारी. ठाण्यातले सगळे जिथे होते तिथे उभे राहिले. सांगायला लाज कशाला, मला ते फार सुंदर वाटलं, आणि त्याच वेळी कळलं की आता हे जनावर या बाईंच्या हातून गेलं.

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पुरे रे," म्हणाल्या. तो गप्प झाला.

मागे वळलो तर आबा दारात उभे. डोळे भरलेले. मला बाजूला घेऊन अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सायेब, कोळसुंद्याचं नाय ते. पन तिच्यासमोर नको."

मग सगळं बाहेर आलं. शेजारच्या बागेत एक निवृत्त मास्तर राहतात. दोन घरांच्या मधल्या गडग्यावरून, म्हणजे दगडी बांधावरून, दहा वर्षं वाद. मास्तरांनी गडगा हातभर सरकवला तेव्हा बाईंनी लावलेलं सुरंगीचं झाड तोडलं गेलं आणि त्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही अशी शपथ बाईंनी घेतली. दोन वर्षांपूर्वी, नजर जात चालली होती त्या दिवसांत, मास्तरांच्या कुत्रीचं एक पिल्लू गडग्याच्या फटीतून इकडे आलं आणि बाईंच्या पायाशी जाऊन झोपलं. कित्येक महिन्यांनी त्या हसल्या. कुठलं म्हणून विचारलं, तर आबांच्या तोंडून निघालं, सड्यावर सापडलं, कोळसुंद्याचं दिसतंय. बाईंनी ते देवळात सांगितलं, गुरवाने देवाला सांगितलं आणि शिबिरात कंपाउंडरने जात विचारली तेव्हा आबांना दुसरं काही सांगायची सोयच उरली नव्हती.

"त्या घरचं म्हटलं असतं, तर तिनं ठेवलान नसतं," आबा म्हणाले.

मी विचारलं, "आता देवाचं काय करायचं?" उत्तर हवालदाराने दिलं. गाऱ्हाण्याने बांधलेलं गाऱ्हाण्यानेच सुटतं. मी वनखात्याच्या बाईंना फोन करून सकाळी पिंजऱ्याच्या गाडीबरोबर देवळात यायला सांगितलं. नोकरीत असा फोन मी आधी कधी केला नव्हता.

सकाळी देवळासमोर धुकं होतं आणि धुक्यात गाव उभा होता. मास्तरही आले होते, कडक इस्त्रीचा सदरा घालून. गुरवाने हात जोडले. "बा देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकराकडनं बोलण्यात चूक झाली. ती आज तुझ्या पायाशी ठेवतोय. सगळ्यांच्या समोर बोलंल. चुकलं माकलं पदरात घे."

"होय महाराजा," गाव म्हणाला.

आबा पुढे झाले. मान खाली घालून, अडखळत, त्यांनी सगळं सांगितलं. मास्तरांच्या कुत्रीचं पिल्लू, गडग्याची फट, सड्याची थाप. बाई दोरी धरून तीन हातांवर उभ्या होत्या. आबा एकदाही तिकडे बघू शकले नाहीत.

गाव होय म्हणायच्या आत मास्तर कडाडले. "म्हणजे कुत्रा माझा! माझ्या रूपाचं पिल्लू. आणि गावभर नाव कोणाचं, तर कोळसुंद्याचं! दोन वर्षं ऐकतोय मी. माझ्या कुत्रीने काय घोडं मारलं होतं?"

मग माझ्या लक्षात आलं. "मास्तर, अर्ज तुमचा?"

ते गडबडले. "चौकशी व्हावी आणि खरं नाव लागावं, इतकाच हेतू होता. कुत्रा नेतील, यांना धरतील, हे मला... एवढं गंभीर असेल असं वाटलं नव्हतं."

मी त्यांना चार शब्द सुनावणार होतो. तोंडावर आलेही होते. पण बाई आधी बोलल्या.

"भावजी, कुत्रा तुमचाच हाय. मला ठावं हाय ना."

आबांनी मान वर केली.

"रोज देवळात जाताना हा मला तुमच्या दाराशी आणून उभा करतो. तुमची रूपा येते, ह्याला हुंगते, चाटते. माझ्या पायाला दोघांच्या शेपट्या लागतात. आई कोण ते कळायला डोळं कशाला लागतात? आन् तुमी पडवीत खाकरता, ते बी ऐकू येतं मला."

मास्तर एक पाऊल पुढे आले. मग म्हणाले, "वहिनी, ती त्याची वाट बघत असते सकाळपासून." आणि वनखात्याच्या बाईंकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या. पिल्लू माझ्या कुत्रीचं. आई जिवंत आहे, दाखवतो. नमुना दोघांचा घ्या."

गाव 'होय महाराजा' म्हणाला तो तेव्हा.

पुढचं सगळं कागदावरचं. मास्तरांचा जबाब, आबांचा जबाब, रूपाला पाहून केलेला पंचनामा. नमुने गेले, पण पिंजऱ्याची गाडी रिकामी परतली. पुढे अहवाल आला, दोघंही साधे गावठी कुत्रे. कार्डावरची जात दुरुस्त झाली. रानातलं कुठलंही पिल्लू घरी आणणार नाही असं हमीपत्र वनखात्याने आबांकडून घेतलं. मला त्या कायद्याबद्दल काही तक्रार नाही. रानातलं जनावर हौसेपोटी दोरीला बांधू नये, आणि बांधल्याची फुशारकी तर मुळीच मारू नये. ऐकणाऱ्याला ती खरी वाटते आणि कायद्यालाही.

पण मला शिकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. देवळातून निघताना मी बाईंना विचारलं, ठाऊक होतं तर दोन वर्षं बोलला का नाहीत? त्या दोरी मनगटाला गुंडाळत होत्या.

"बोल्ले असते तर माजी शपथ आडवी आली असती, सायेब. ह्यांनी त्याला परत तिकडं सोडलान असतं. म्हणून ह्यांची थाप मी सांभाळली."

मागे आबा उभे होते, त्यांनी ते ऐकलं. पुढे येऊन त्यांनी फक्त पत्नीचा दुसरा हात धरला, आणि तिघंजण धुक्यातून पाखाडी उतरू लागले. आदल्या दिवशी मी आबांना जनावराबद्दल शेकडो प्रश्न विचारले होते. ओट्यावर दोरी धरून बसलेल्या बाईंना एकही विचारला नव्हता.