मावशी, मुंग्या आणि दीपस्तंभाचं दार

माझ्या मोठ्या मावशीने आयुष्यभर एकाच प्रश्नाचा अभ्यास केला. अरुंद दारातून पुष्कळ जण एकदम बाहेर पडायला लागले, तर काय होतं? घरच्यांच्या मते उत्तर उघड होतं, चेंगराचेंगरी होते. मावशी म्हणायची, "हो, पण मुंग्यांची का होत नाही?" यावर घरचे विषय बदलायचे.

मी कॉलेजची वर्षं तिच्याकडे राहून काढली, त्यामुळे यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं तिच्या सासूबाईंनी सांगितलं. त्यात थोडा मीठमसाला असेल, पण मावशीने कधी खोडून काढलं नाही.

मावशी मूळची जीवशास्त्राची, शहरातल्या एका संशोधन संस्थेत. काचेच्या पेटीत मुंग्या सोडायच्या, पेटीला एकच भोक ठेवायचं, आत लिंबाच्या सालीचा तुकडा टाकायचा. तो वास मुंग्यांना सोसत नाही. मग त्या कशा बाहेर पडतात ते बघत बसायचं. मावशीच्या मुंग्या न ढकलता, न तुडवता बाहेर पडत. लग्न ठरताना काकांना सांगण्यात आलं की मुलगी मुंग्या पळवते. काका दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "मला बघून माणसं पळतात. जमेल आमचं."

पुढे मावशीचे मार्गदर्शक निवृत्त झाले, आणि त्यांच्या खोलीत माशांच्या टाक्या आल्या. मुंग्यांना जागा उरली नाही. मावशी पेट्या घेऊन संस्थेत एकेका दारावर जाऊन आली. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली आणि दार लावून घेतलं. शेवटी भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी अर्धं टेबल रिकामं करून दिलं. विद्यार्थी त्यांना घर्षण सर म्हणत, कारण त्यांच्याशी बोलायला लागलं की कुठलीही गोष्ट हळू व्हायची. घर्षण सर कित्येक वर्षं नरसाळ्यातून मोहरी ओतत होते आणि ती कधी तुंबते ते बघत होते.

"म्हणजे आपला प्रश्न एकच आहे," मावशी म्हणाली.

सरांनी बराच विचार केला. "मुंग्यांना गोल मानलं तर चालेल?"

"मला चालेल. मुंग्यांचं सांगता येत नाही."

पहिल्याच आठवड्यात मुंग्यांनी सरांच्या बशीतली मोहरी उचलून नेली. सरांनी नवी मोहरी आणली, डब्याला घट्ट झाकण बसवलं आणि एका शब्दाने काही म्हटलं नाही. आपली मैत्री तिथून सुरू झाली, असं मावशी सांगते. पुढची किती तरी वर्षं ती दोघं त्या एका टेबलावर दुपारचा चहा प्यायली. चहाच्या वेळी फारसं कुणी बोलत नसे.

त्यांच्यात तिसरा आला तो संगणक विभागातला. त्याच्या पडद्यावर माणसं म्हणजे ठिपके असत, म्हणून त्यालाही सगळे ठिपकेच म्हणत. त्याने असा प्रोग्राम लिहिला होता की कॅमेऱ्यात दिसणाऱ्या प्रत्येक माणसाचा एक ठिपका व्हायचा आणि तो कुठून कुठे गेला याची रेघ निघायची. मुंग्या, मोहरी आणि ठिपके असं हे त्रिकूट. त्यांनी मिळून एक गोष्ट शोधली, म्हणजे जगात इतरांनीही शोधली होती, पण यांनी स्वतःची स्वतः शोधली. दाराच्या थोडं अलीकडे, मधोमध एक खांब उभा केला, तर कधी कधी गर्दी अडण्याऐवजी सुटते. दाराशी येणारा लोंढा आधीच दुभंगतो आणि दारावरचा दाब कमी होतो. मोहरीचं तसं झालं. मुंग्यांना तर फरकच पडला नाही, पण त्यांना आधीही अडचण नव्हती.

आता माणसं हवी होती. ती पर्यटन खात्याने दिली.

शहराबाहेर समुद्रालगत एक जुना दीपस्तंभ होता. दिवा कधीच बंद झाला होता, पण वरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी लोकांची रीघ लागायची. आत एकच गोल जिना आणि खाली एकच अरुंद दार. सुट्टीच्या दिवशी वरचे खाली यायला बघत, खालचे वर जायला बघत, आणि दारात गाठ बसायची. तिथल्या व्यवस्थापक बाई वैतागून गेल्या होत्या. कुणी तरी त्यांना सांगितलं की संस्थेत एक बाई आहेत, त्यांना दारातलं कळतं.

मावशीने दीपस्तंभासमोरच्या मैदानातल्या फरसबंदीवर, दाराच्या थोडं अलीकडे, एक जाड लाकडी खांब रोवून घेतला. त्याला हिरवा रंग दिला. ठिपकेने दारावर आणि जिन्यात कॅमेरे लावले. पहिल्या काही आठवड्यांतच आकडे असे आले की घर्षण सर चहा पिताना चक्क हसले. गर्दी सुटत होती! निबंध लिहून झाला, एका मोठ्या नियतकालिकाने स्वीकारला, आणि सरांची अनेक वर्षं अडलेली बढती आता होणार असं सगळे म्हणू लागले.

याच सुमारास मावशीच्या सासूबाईंनी विचारलं, "अगं, तू रोज तिथे जातेस. मला कधी दाखवणार?"

"आई, जिना फार आहे."

"मी काय तुला उचलून न्यायला सांगतेय?"

एका सुट्टीच्या दिवशी काका, सासूबाई आणि मी अशी तिघं निघालो. मावशी आधीच तिथे होती, बाहेरच्या टपरीवजा खोलीत ठिपकेच्या शेजारी पडद्यासमोर बसलेली. आम्ही तिला हात केला आणि आत शिरलो.

अर्ध्या जिन्यात, जिथे छोटी खिडकी आहे, तिथे सासूबाई थांबल्या. म्हणाल्या, "जरा टेकते." आणि पायरीवर बसल्या. जिना एवढा अरुंद की त्या बसल्या आणि जिना संपला. काका म्हणाले, "आई, इथे नको, लोक आहेत." त्या म्हणाल्या, "लोक आहेत ते दिसतंय मला. माझे गुडघेही आहेत."

मागचे थांबले. वरून उतरणारे थांबले. आधी थोडी कुजबुज झाली, मग कुणी तरी खालून पाण्याची बाटली पुढे दिली, ती हातोहात आमच्यापर्यंत आली. सासूबाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी बाटली तशीच हातोहात परत पाठवली. वरच्या पायरीवर एक जोडपं अडकलं होतं. सासूबाईंनी त्यांचं लग्न झालंय का ते विचारलं. झालेलं नव्हतं. का नाही, हेही विचारून झालं. काका खिडकीतून बाहेर समुद्राकडे बघत राहिले.

खाली वेगळाच प्रकार चालला होता. जे आधी उतरले होते त्यांची माणसं वर अडकलेली. ती माणसं येईपर्यंत हे कुठे थांबणार? खांबापाशी. "खांबापाशी ये गं!" "आम्ही खांबाजवळ आहोत!" असे हाकारे सुरू झाले. खांबाभोवती एवढा घोळका जमला की शेवटी सासूबाई उठल्या, जिना मोकळा झाला, तरी दार मोकळं होईना. खांब गर्दी फोडण्यासाठी रोवला होता. लोकांनी त्याला भेटायची जागा करून टाकलं होतं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा मावशी पडद्यासमोर होती तशीच बसली होती. मला वाटलं, सासूबाईंवर चिडली असेल. पण ती ठिपकेला विचारत होती, "आई कुठे आहेत?"

"बाहेर आल्या ना, मॅडम."

"बाहेर नाही. तुझ्या नोंदीत. आमच्या घरचा एकही ठिपका नाही, आणि खांबाभोवतीही कुणीच नाही. हे लोक गेले कुठे?"

ठिपकेने मान खाजवली. मग त्याने सांगितलं ते असं. प्रोग्रामला माणूस आणि सामान यांतला फरक शिकवावा लागतो. नाही तर कुणी पिशवी ठेवली तरी तिचा ठिपका होतो. म्हणून त्याने नियम घातला होता, की जे बराच वेळ हलत नाही ते सामान. सामान नोंदीतून आपोआप वगळलं जातं. आणि सामानामागे अडलेले लोकही काही वेळाने हलेनासे होतात, म्हणून तेही जातात.

थोडक्यात, संगणकाने सासूबाईंना सामान ठरवलं होतं.

मावशी हसली नाही. तिने मागच्या सगळ्या आठवड्यांचं चित्रण पुन्हा लावायला सांगितलं आणि तो नियम काढून टाकून बघितलं. मग दिसायला लागलं. रोज कुणी ना कुणी थांबत होतं. कुणी बुटाची नाडी बांधायला, कुणी फोटो काढायला, कुणी चक्कर आली म्हणून, कुणी फक्त भांडायला. आणि खांबापाशी तर पहिल्या आठवड्यापासून माणसं एकमेकांची वाट बघत उभी होती. ती सगळी सामानात गेली होती. जे उरले ते भराभर चालणारे. त्यांच्यापुरती गर्दी छान सुटत होती.

दुसऱ्या दिवशी मावशीने हे घर्षण सरांना सांगितलं. मी तिचा डबा द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

सर म्हणाले, "एका दिवसाची चुकीची नोंद आहे. काढून टाका."

"ती चुकीची नोंद नाही, सर. त्या माझ्या सासूबाई आहेत."

"मी व्यक्तिशः म्हणत नाहीये."

"मीही नाही. रोज कुणाच्या तरी सासूबाई आहेत."

सरांनी मोहरीच्या डब्याचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाले, "निबंध स्वीकारलाय त्यांनी. सगळेच नोंदींची अशी सफाई करतात."

"मग सगळ्यांनीच पुन्हा बघायला हवं. आपण आपलं बघू."

"बाई, पुन्हा बघायला मला आता वर्षं उरलेली नाहीत."

 मावशीने त्या नियतकालिकाला कळवलं की आमच्या नोंदींत चूक आहे, निबंध छापू नका. सरांना आधी सांगून कळवलं, एवढंच. सरांची बढती त्या वर्षी झाली नाही. त्यांनी तक्रार केली नाही, आवाज चढवला नाही. फक्त दुपारी ते आपला कप घेऊन वरच्या मजल्यावर जायला लागले. अर्धं टेबल मात्र त्यांनी परत मागितलं नाही. मावशी घरी आल्यावर नेहमीसारखी जेवायची, बोलायची. पण एकदा काकांनी विचारलं, "चहा घेतेस का गं आता दुपारी?" तर म्हणाली, "नाही. सवय गेली." आणि उठून खोलीत गेली. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "दाढ काढल्यावरही जीभ तिथेच जाते."

दीपस्तंभावर मावशीने काम सोडलं नाही. व्यवस्थापक बाईंना तिने खांब काढायला सांगितलं, तर त्या तयार होईनात. लोकांना तो आवडायला लागला होता. मग मावशीने खांब उपटून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला रोवला आणि त्याच्याभोवती बाकं टाकली. लोक बिनबोभाट तिकडे जाऊन थांबायला लागले. जिन्यातल्या खिडकीपाशी भिंतीत कोनाडा होता, पूर्वी तिथे तेलाचे डबे ठेवत. तो रिकामा करून त्यात एक बैठक केली. दार मोकळं झालं.

यात भौतिकशास्त्र काही नव्हतं, हे मावशीला मान्य होतं. समाजशास्त्र विभागाच्या प्रमुखांना तिने सांगितलं की माणसं एकटी चालत नाहीत, एकमेकांसाठी थांबतात, आणि हे धरलं नाही तर हिशोब चुकतो. प्रमुख म्हणाल्या, "हे आम्हाला माहीतच होतं."

"मग आमच्या विभागाला कळवलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मावशीने नवा निबंध लिहिला. सफाईचा नियम, त्याने झालेली चूक, खांबाचं अपयश, सगळं त्यात होतं. तो एका लहानशा नियतकालिकात आला. वाचणारे थोडे होते. लेखकांत तिचं आणि ठिपकेचं नाव होतं. तिसऱ्या नावासाठी तिने सरांना विचारलं होतं. ते नको म्हणाले.

दोन हिवाळ्यांनंतर एका दुपारी घर्षण सर खाली आले. हातात कप होता. टेबलाच्या आपल्या बाजूला बसले, मोहरीचा डबा सरकवून ठेवला आणि म्हणाले, "थांबणाऱ्यांच्या नोंदी आहेत ना तुमच्याकडे? द्या."

"कशाला?"

"मोहरी थांबत नाही. म्हणजे अडते, पण आपणहून थांबत नाही. आपणहून थांबणाऱ्या कणांचं गणित कुणी केलेलं नाही. करून बघतो."

मावशीने नोंदी दिल्या.  महिनाभराने सरांनी समीकरण दाखवलं. त्यात एक नवं अक्षर होतं.

"हा स कशाचा?" मावशीने विचारलं.

"स्थिरतेचा," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

ते गणित पूर्ण व्हायला त्या दोघांना बराच काळ लागला. मध्ये सर निवृत्त झाले, तरी येत राहिले. रखवालदाराने एकदोनदा हटकलं, मग सोडून दिलं. बढती त्यांना मिळाली नाही ती नाहीच. निबंध छापून आला तेव्हा सासूबाईंना मावशीने तो दाखवला. त्यांनी पानं उलटून बघितली, समीकरणांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "एवढं सगळं माझ्या बसण्यावर?"

"तुमच्या एकटीच्या नाही, आई. सगळ्यांच्या."

हे त्यांना फारसं आवडलेलं दिसलं नाही.

आता मावशीही निवृत्त आहे. मुंग्यांच्या पेट्या तिने जीवशास्त्राला परत दिल्या, माशांच्या टाक्या हलवून तिथे जागा झाली होती. काका दवाखाना दिवसाआड उघडतात. मध्यंतरी एका नव्या संग्रहालयाचे लोक घरी आले, त्यांच्या दाराचं काही तरी करून द्या म्हणाले. मावशीने आधी विचारलं की तिथे बघण्यासारखं काय आहे. ते सांगत बसले. तिने ऐकून घेतलं, आणि म्हणाली की आधी एक दिवस नुसती बघायला येते, तिकीट काढून.